मिसरीचा रकाना

कागल तालुक्यातल्या गावांत मी प्रश्नावली घेऊन फिरते. कागदोपत्री हुद्दा संशोधन सहायक. गावात मला ‘तंबाखूवाल्या बाई’ म्हणतात. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांच्या घरी ठरावीक महिन्यांनी परत जायचं, सुटली का विचारायचं आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं लिहून आणायचं. आपल्या देशात या कामाला पन्नासहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. तो फारसा सांगितला जात नाही, कारण शोधनिबंधावर नावं डॉक्टरांची असतात आणि दारोदार फिरलेली माणसं शेवटच्या आभारांत उरतात.

तंबाखू आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर. सतराव्या शतकाच्या आरंभी ती विजापुरात रुळलेली होती, आणि पन्हाळ्याकडचा आपला मुलूख तेव्हा त्याच आदिलशाहीत होता. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून ती आग्र्याला घेऊन गेला. बादशहाने झुरके घेतले तेव्हा हकिमाने त्याला अडवलं: जिच्याविषयी आपल्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही, ती वस्तू पारखल्याशिवाय घेऊ नये. त्या हकिमाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याने पुरावा मागितला होता.

तो पुरावा गोळा व्हायला साडेतीनशे वर्षं लागली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथे अणुविज्ञान आणि गणित चालायचं तिथेच, डॉ. फली मेहता यांचं दंतसंशोधनाचं पथक होतं. त्यांनी पुणे जिल्ह्यात खेड्यांतल्या 1,01,761 लोकांची तोंडं तपासली. 1972 साली त्यावरचा निबंध छापून आला. हा आकडा वाचते तेव्हा मला त्यामागची पायपीट दिसते. माणूस रानातून येईपर्यंत पडवीत बसून राहायचं. सासूसमोर सून तोंड उघडत नाही, तिला माजघरात न्यायचं. ‘आ करा’ म्हणायच्या आधी घरच्यांची ख्यालीखुशाली विचारायची. आमच्या गावांत आजही हे असंच करावं लागतं, तेव्हा ते वेगळं असेल असं मला वाटत नाही.

पुढचं काम मला त्याहून मोठं वाटतं. 1970च्या दशकाच्या अखेरीस मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत तंबाखू घेणारी 36,000 माणसं निवडली. श्रीकाकुलमकडे बायका चुट्ट्याचं, म्हणजे तिकडच्या जाड चिरुटाचं, जळतं टोक तोंडात धरून ओढतात. निवडलेल्या सगळ्यांच्या घरी वर्षातून एकदा जायचं, तोंड तपासायचं, समोर बसून सोडण्याविषयी बोलायचं. जोडीला चित्रपट, रेडिओ, वर्तमानपत्रं. औषध कुठलंच नव्हतं. पाच वर्षांचे निष्कर्ष 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले: नुसत्या सल्ल्यानेही सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि एर्नाकुलममध्ये कर्करोगाआधी तोंडात उठणारे पांढरे चट्टे नव्याने होण्याचं प्रमाण कमी झालं. गरीब, निरक्षर माणूस सांगून ऐकत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

1990च्या दशकात गुप्तांचं पथक मुंबईत मतदारयाद्या घेऊन फिरलं, हातात मावणाऱ्या संगणकांवर उत्तरं टिपत. जवळजवळ एक लाख माणसं. त्यांतल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक तंबाखू घेत होत्या, आणि ती बहुतेक सगळी बिनधुराची. त्यात दातांना लावायची मिसरी आघाडीवर.

आमची खरी अडचण इथे सुरू होते. सोडण्याच्या अभ्यासांची मापं पाश्चात्त्य देशांत, सिगारेटसाठी तयार झाली. व्यसन किती घट्ट ते मोजणारी फागरस्ट्रॉम यांची प्रश्नावली 1978ची, 1991मध्ये सुधारलेली. तिचा पहिला प्रश्न: उठल्यावर किती वेळाने पहिली सिगारेट ओढता? पाच मिनिटांच्या आत असेल तर पुरे तीन गुण. आता तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून डबीत ठेवणाऱ्या मावशीला हा प्रश्न कसा विचारायचा? तिचा दिवस मिसरीनेच उगवतो. ‘‘लेकी, मिसरी काय व्यसन हाय व्हय? दात घासत्यात त्येनं,’’ असं मला घरोघरी ऐकावं लागतं. मग मी विचारते, दिवसातनं किती डाव घासता? जेवल्यावर, भांगलणीच्या मधल्या सुट्टीत, रात्री निजताना. हे मोजताना तिचं तिलाच कळतं की एवढ्या वेळा दात कुणी घासत नाही. माझ्या अनुभवात सोडण्याची सुरुवात त्या क्षणी होते.

यंत्रंही आम्हाला पुरी पडत नाहीत. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र बिडीवाल्याला पकडतं, मिसरीवालीला नाही. उलट चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा आकडा धुरानेच वाढतो. लाळेतलं कोटिनीन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारं द्रव्य, जास्त भरवशाचं. पण निपाणी आमच्यापासून अर्ध्या तासावर. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम करणाऱ्या बाईने मिसरी सोडली, तरी नाकातोंडातून आणि कातडीतून तंबाखू तिच्या अंगात जातच राहते. तिथे तिच्या शब्दावर विसंबावं लागतं, आणि खरा शब्द मिळायला तिच्या दारात पुन्हा पुन्हा जावं लागतं. एप्रिल 1981मध्ये याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला आणि पोलिसांच्या गोळीबारात 12 जणांचा जीव गेला. ज्या पिकासाठी माणसं मेली, ज्याच्या हजेरीवर चूल पेटते, ते पीक वाईट आहे असं परक्या बाईने येऊन सांगणं सोपं नसतं. मी पिकाला नावं ठेवत नाही. तोंडातल्या चट्ट्याबद्दल बोलते.

2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली 3.8 टक्के प्रौढ माणसं बिडी-सिगारेट ओढणारी निघाली आणि 24.4 टक्के बिनधुराची तंबाखू घेणारी. म्हणून अभ्यास आखणाऱ्यांना माझी विनंती आहे: आपल्या भागातल्या प्रश्नावलीत मिसरीला ‘इतर’मध्ये ढकलू नका, तिला पहिल्या पानावर स्वतःचा रकाना द्या. आणि तुमच्या घरात आई, आजी, सासू मिसरी लावत असेल, तर तिला ओरडू नका. दिवसातनं किती डाव, एवढं शांतपणे विचारा. सोडायची तयारी दिसली तर 1800-11-2356 हा सरकारी मदतक्रमांक मोफत आहे.