माथेरानची गाडी आणि एका मुलीचा प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की आमच्या शाळेत सहलीची कुजबुज सुरू होते. शाळा उर्दू माध्यमाची. मुलांचे वडील कुणी रिक्षा चालवतात, कुणी शिवणकाम करतात. मुक्कामाची सहल परवडत नाही. म्हणून आमचा हिशेब ठरलेला: सकाळची लोकल पकडायची, जवळचं एखादं गाव पाहायचं आणि रात्री जेवायला घरी. ठाणे झालं, कल्याण झालं, वसई झाली. गेल्या वर्षी माथेरान ठरलं. पाऊस सरलेला, डोंगर अजून हिरवा, आणि पावसाळ्यात बंद असलेली नेरळची छोटी गाडी याच सुमारास पुन्हा सुरू होते.

त्या गाडीची नेरळहून तिकिटं मोजकीच, वीस-बावीस जणांना मिळणं कठीण. त्यामुळे आम्ही नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. पुढे मोटारगाड्यांना बंदी आहे. तिथून अमन लॉज स्टेशनवर शटल गाडीची वाट बघत उभे राहिलो. मुलं रुळांमधलं अंतर पावलांनी मोजत होती. दोन फूट. वर्गातली फूटपट्टी दोनदा ठेवली की संपलं! मी सहज सांगितलं, "ही गाडी सरकारने नाही, मुंबईच्या एका व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशातून सुरू केली. सर आदमजी पीरभॉय."

आठवीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, ये अपनेवाले थे क्या?"

मी "हां" म्हणालो, आणि गाडी आली. पण ते "हां" मला परतीच्या लोकलमध्ये टोचत राहिलं. म्हणून आज जरा नीट उत्तर देतो.

माथेरानची ओळख बाहेरच्या जगाला झाली १८५० मध्ये. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले. अर्थात डोंगरात राहणाऱ्या ठाकूर, कातकरी आणि धनगरांना तो आधीपासून ठाऊक होताच. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ते थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवलं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १८५४ मध्ये कल्याण गाठलं आणि १८५६ पर्यंत रूळ नेरळवरून पुढे गेले. म्हणजे मुंबईहून नेरळला येणं सोपं झालं. अवघड होता तो वरचा डोंगर. सुमारे ८०० मीटर उंचीवर जायचं तर तट्टू, पालखी नाहीतर स्वतःचे पाय. अर्धं शतक हे असंच चाललं.

आदमजी पीरभॉय मूळचे काठियावाडातल्या धोराजीचे, दाऊदी बोहरा. गरिबीतून वर आले, लष्कराला तंबू आणि इतर माल पुरवून मोठे झाले. धारावीत त्यांचा चामड्याचा कारखाना होता. ते मुंबईचे शेरीफही होते. एकदा नेरळला उतरल्यावर वर जायला सवारी मिळाली नाही, म्हणून चिडून त्यांनी रेल्वे बांधायचं ठरवलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे. पण सोळा लाख रुपये कुणी नुसतं चिडून घालत नाही. त्यामागे व्यापाऱ्याचा अंदाज होता.

काम उभं केलं ते त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. १९०४ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि मार्च १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वेवाले इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांचा सल्ला या कामात होता. चढ इतका की काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. सरळ रेषेत थोडंसं असलेलं अंतर डोंगराला वळसे घालत सुमारे २० किलोमीटरचं होतं. वळणांवर अडू नयेत अशी खास इंजिनं जर्मनीहून मागवली. २००५ च्या महापुरात हा मार्ग उखडला, तो पुन्हा बांधला गेला. नंतरही तो अनेकदा बंद पडला आणि सुरू झाला. आज तो मध्य रेल्वेकडे आहे.

आता मुलीचा प्रश्न. आदमजी गुजराती बोलणारे बोहरा, इंग्रज सरकारच्या मर्जीतले, 'सर' किताब मिळालेले. माझ्या वर्गातल्या शिंप्याच्या मुलीशी त्यांचं नातं ते काय? त्यांची गाडीही आधी तिच्यासारख्यांसाठी नव्हती, बंगलेवाल्यांसाठी होती. आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. गाडी धावली त्याच १९०७ सालच्या डिसेंबरात कराचीत मुस्लिम लीगचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष आदमजीच होते. लाहोरचा ठराव १९४० चा. आदमजी १९१३ मध्येच वारले. पण आजकाल असा एक तपशील माणसाचं सगळं काम पुसायला पुरतो. म्हणून तो आपणच सांगावा, तारखांसकट.

याच माथेरानात १९१२ मध्ये भाई कोतवाल जन्मले. नाभिक कुटुंबातले वकील. 'चले जाव'च्या काळात त्यांनी आझाद दस्ता उभा केला, विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत ते शहीद झाले. एकाने इंग्रजांना तंबू पुरवले, दुसऱ्याने इंग्रजांचे मनोरे पाडले. गाव एकच.

मी दोन्ही भाषा शिकवतो. उर्दूत 'हम' एकच आहे. मराठीत मात्र 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. उर्दूच्या मुलांना हे शिकवताना मला दरवर्षी दोन तास लागतात. त्या मुलीने विचारलेलं 'अपनेवाले' म्हणजे आमच्यातले की आपल्यातले? माझ्या "हां"मध्ये नुसतं 'आमच्यातले' होतं. बोलताना माझी छातीही थोडी फुगली होती, हे कबूल करतो.

आणि चूक माझीच मोठी. अठरा वर्षं मी वर्गात १८५३ ची रेल्वे शिकवतो आहे. पीरभॉय हे नाव त्या दिवसापर्यंत एकदाही घेतलं नव्हतं, कोतवालांचंही नाही.

यंदाची सहल पुन्हा माथेरानला नेतो आहे. या वेळी आधी वर्गात दोन तास दोघांची गोष्ट होईल. त्या मुलीला नववीतून खास बोलावलं आहे. तिच्या प्रश्नाचं मराठीत भाषांतर तिनेच करायचं आहे.