वर्ध्याची माती समुद्राकाठी कशी ओळखतात?

१/ वर्धा शहराला लागून असलेले पिपरी मेघे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या परिसराच्या काळ्या मातीचा अंश वाहत वाहत आंध्रच्या किनाऱ्यावरील चिखलात जातो. तो चिखल कोठून आणि केव्हा आला, याचा शोध घेताना दख्खनच्या शेतीचा प्राचीन इतिहास उलगडत जातो.

२/ मातीचा मार्ग असा. पिपरी मेघेचे पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून वर्धा नदीच्या खोऱ्यात उतरते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता सुरू होते. ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात. त्यांपैकी गौतमी शाखेच्या मुखाशी कोरिंगाची कांदळवने आणि भरती-ओहोटीचे चिखलपट्टे पसरले आहेत.

३/ मात्र गोदावरी एकाच प्रदेशाचा गाळ आणत नाही. तिचे जवळजवळ निम्मे खोरे बेसाल्टचे आहे, तर पूर्वेकडील भागात नाइससारखे अतिप्राचीन खडक आहेत. पाण्यात हे सारे एकजीव होते. मग कोणता कण कोणत्या प्रदेशाचा, हे कसे ठरवायचे?

४/ त्यासाठी नियोडिमियम हे मूलद्रव्य उपयोगी पडते. त्याच्या १४३ व १४४ या समस्थानिकांचे गुणोत्तर दख्खनच्या सुमारे ६.६ कोटी वर्षांच्या बेसाल्टमध्ये जास्त, तर अब्जावधी वर्षांच्या नाइसमध्ये कमी असते. खडकाची माती झाली, ती वाहून गेली, तरी हे गुणोत्तर फारसे बदलत नाही. गाळाचे मूळगाव त्यातून कळते.

५/ उथळ चिखलपट्ट्यांतील गाळ लाटा आणि भरती वारंवार ढवळतात, त्यामुळे तेथे कालक्रम लावणे कठीण जाते. खोल समुद्रात मात्र थरावर थर साचत राहतात. २००६ साली भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर, हजार मीटरहून अधिक खोल पाण्याखालून असाच एक गाळस्तंभ काढण्यात आला. त्यात सुमारे ११,००० वर्षांची नोंद आहे.

६/ लिव्हियु जिओसान आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष अनपेक्षित होता. मागील काही सहस्रकांत मान्सून दुर्बळ झाला, तेव्हा धूप घटण्याऐवजी वाढली आणि गाळात दख्खनच्या मातीचा वाटा वाढत गेला.

७/ कारण वनस्पतींच्या आवरणात आहे. पाऊस कमी झाला की झाडोरा विरळ होतो, जमीन उघडी पडते. मग एखादी जोरदार सरही तिला खरवडून नेते. त्या गाळातील सेंद्रिय कार्बनही अधिकाधिक जुना आढळला, म्हणजे दीर्घकाळ साठलेली माती वाहून जात होती.

८/ निसर्गाने सुरू केलेल्या या धुपेत पुढे माणसाची भर पडली. प्रवरेकाठी दायमाबाद, जोर्वे, नेवासे येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वसले. त्यानंतर लोहयुग आले. विदर्भात माहूरझरी येथे महापाषाणीय दफने, तर नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. लोखंडी कुऱ्हाडीने रान तोडणे सुकर झाले, शेती विस्तारली आणि धूप आणखी वाढली.

९/ दख्खनने जे गमावले, ते किनाऱ्याने कमावले. गाळाचा वेग वाढल्याने गोदावरीच्या मुखाजवळचा किनारा झपाट्याने समुद्रात पुढे सरकला. आजच्या त्रिभुज प्रदेशातील सुपीक शेते अंशतः महाराष्ट्राच्या मातीवर उभी आहेत.

१०/ विसाव्या शतकात चित्र उलटले. धरणांमागे गाळ अडू लागला. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ वाहून नेत असे. १९९० च्या दशकात तो सहा कोटी टनांच्याही खाली आला. शेतातली माती आजही सुटते, पण तिचा मोठा भाग जलाशयांत बसतो. परिणामी त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याचे काही भाग समुद्र गिळतो आहे.

११/ म्हणून पिपरी मेघेच्या शिवारातील बांध हा केवळ एका शेताचा प्रश्न नाही. सुपीक मातीचा पातळ थर तयार होण्यास शतके लागतात आणि तो एका पावसाळ्यात जाऊ शकतो. राजवटींची नोंद ताम्रपटांत सापडते. सामान्य शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीची आणि नांगराची नोंद समुद्रतळाच्या गाळात राहिली आहे.