मोट, करडई आणि बुटातलं पाणी

पावसाळ्यात बाइकवर लांब जायचं म्हटलं की रेनकोट, हेल्मेट, बॅगेचं कव्हर या सगळ्याची सोय होते आणि शेवटी प्रश्न उरतो तो पायांचा. माझं गाव चाकूर. पुण्याहून टेंभुर्णी, बार्शी, लातूर करत तिथे पोचायचं म्हणजे साडेतीनशेच्या वर किलोमीटर. वाटेत पाऊस लागला की उरलेला सगळा प्रवास ओल्या मोज्यांत. म्हणून यंदा वॉटरप्रूफ बूट घ्यायचं ठरवलं आणि आमच्या धंद्याच्या खोडीप्रमाणे आधी वाचायला बसलो. वाचता वाचता गाडी बुटांवरून भलतीकडेच गेली आणि फिरून आमच्याच भागात येऊन थांबली.

लातूरकडच्या माणसाने वॉटरप्रूफ बूट शोधावेत यात काहींना विनोद दिसेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पण दुष्काळी भाग म्हणजे पाऊसच नाही असं नव्हे. पडतो तेव्हा चांगला बदडतो, आणि खाली काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टाचेला अशी चिकटते की दहा पावलांत एकेक पाय किलोचा होतो. अशा रानात आमच्याकडची जुनी पद्धत एकच: वहाणा काढायच्या, हातात घ्यायच्या आणि चालू लागायचं. पाय धुता येतात, वहाण लवकर वाळत नाही.

आता गंमत बघा. ज्या मुलखात पाय कोरडे ठेवणारा जोडा कधी रुळला नाही, त्याच मुलखात कातड्यातून पाणी गळू न देण्याची विद्या मात्र पिढ्यान् पिढ्या होती. कुठे? विहिरीवर. मोट!

मोट आता शाळेच्या पुस्तकात चित्रापुरती उरली आहे, म्हणून थोडं सांगतो. कातड्याची मोठी पिशवी, खाली सोंड, एक जाड नाडा आणि सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून उतरणीला गेले की शंभर लिटरच्या वर पाणी घेऊन मोट वर यायची आणि सोंडेतून आपोआप थारोळ्यात रिकामी व्हायची. दिवसभर हेच. म्हणजे ते कातडं सतत भिजायचं, काठावर घासायचं, उन्हात तापायचं आणि परत बुडायचं. आजच्या कुठल्याही बुटाची इतकी कडक टेस्टिंग होत नसेल.

हे टिकायचं कसं? पहिली गोष्ट कमावणी. बाभळीची साल, तरवड, हिरडा यांतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे ते कुजत नाही. दुसरी गोष्ट तेल, आणि इथे आमची करडई येते. जॉर्ज वॉट यांनी १८८९ पासून प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानातल्या आर्थिक उत्पादनांच्या कोशात करडईच्या एका वेगळ्याच तेलाची नोंद आहे. घाण्याचं खायचं तेल नव्हे. बी मडक्यात भरून, मडकं उलटं ठेवून, वरून गोवऱ्यांचा जाळ करून खाली गाळलेलं काळं चिकट तेल. हे खायचं नाही. पाण्यात राहणाऱ्या कातड्याला आणि विहिरीच्या दोरांना लावायचं. करडईचं तेल कढवलं की त्याचं रोगण होतं. मराठीतला 'रोगण' हा शब्दही फारसीतल्या तेलावरूनच आला.

यामागची केमिस्ट्री सोपी आहे. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. ते तापवलं की रेणू एकमेकांना जोडले जाऊन रबरासारखा चिवट थर बनतो. तिकडे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८४४ साली पेटंट घेतलं ते गंधक घालून रबर तापवण्याचं. त्यातही उष्णता रेणूंना एकमेकांत अडकवते. त्या रबराचे बूट फ्रान्समध्ये हायरम हचिन्सनने १८५३ पासून काढले आणि पहिल्या महायुद्धात, चिखलाच्या खंदकांत सैनिकांचे पाय सडू लागल्यावर, गमबूट लाखांनी बनले. कल्पना दोन्हीकडे एकाच जातीची. तिकडे तिचा बूट झाला, इकडे मोटेपर्यंतच राहिली.

का? माझ्या मते उत्तर केमिस्ट्रीत नाही, गावगाड्यात आहे. चिखलात उतरणाऱ्याकडे जोड्याला पैसे नव्हते, आणि ज्याच्याकडे पैसे होते त्याला चिखलात उतरायचं कारण नव्हतं. कातडं कमावणारे ढोर आणि जोडे-मोटा शिवणारे चर्मकार यांना अस्पृश्य ठरवलेलं. त्यांच्या हातची मोट विहिरीत उतरायची, त्यांना स्वतःला मात्र त्या विहिरीवर जायची बंदी. अनेक गावांत तर वरच्या म्हणवणाऱ्यांसमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. जोडा बनवणाऱ्यालाच जोडा घालायची परवानगी नाही, तिथे जोडा सुधारणार कोण?

आमच्या भागातली पादत्राणांची सगळ्यात प्रसिद्ध कथाही याच दुखण्याची आहे. बाराव्या शतकातलं कल्याण, म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते आणि चाकूर एकाच हैदराबाद राज्यात होते. तिथला चर्मकार शरण हरळय्या. त्याच्या एका नमस्काराला बसवेश्वरांनी दोनदा नमस्कार केला, त्या ऋणातून उतराई व्हायला त्याने आणि कल्याणम्माने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून दिले, अशी आख्यायिका. बसवेश्वरांनी ते पायात न घालता डोक्यावर घेतले. पुढे हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झालं आणि बिज्जल राजाने दोन्ही बापांना देहांत शासन दिलं. आमच्याकडच्या लिंगायत घरांत ही कथा लहानपणापासून ऐकलेली असते.

मोट संपवली ती इंजिनांनी आणि विजेच्या पंपांनी. साठ-सत्तरच्या दशकांत गावोगाव वीज पोचली, बैलांची धाव बुजली. चांगलंच झालं, कोणालाही परत मोट ओढायची नाहीये. पण मोटेबरोबर तिची विद्याही गेली आणि ती कोणी नीट लिहून ठेवली नाही, कारण ती ज्यांची होती त्यांना विचारायची पद्धतच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर, सिस्टिम बंद केली आणि डॉक्युमेंटेशन कधी झालंच नव्हतं.

असो, बुटांकडे येऊ. आज दुकानात तीन पर्याय दिसतात. गमबूट: पाणी एक थेंब आत येत नाही आणि घाम एक थेंब बाहेर जात नाही. शिवाय बोटांशी ढगळ, गिअरखाली पाय नीट जात नाही. दुसरा, तेल पाजलेलं जाड कातडं. तिसरा, आत पातळ पडदा असलेला बूट. त्याचं मूळ १९६९ मधलं: बॉब गोरने टेफ्लॉन झटक्यात ताणलं आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब आत शिरत नाही, वाफ बाहेर जाते.

पण वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकावर. पाय ३४ अंशांवर, बाहेर युरोपातली ५ अंशांची थंडी, तर फरक साधारण साडेचार किलोपास्कल. बाहेर आपला जुलै, २५ अंश आणि हवेत ९५ टक्के दमटपणा, तर फरक जेमतेम सव्वादोन. म्हणजे तोच महागडा पडदा आपल्याकडे निम्म्यानेच काम करतो. बूट बिघडलेला नसतो, हवा वेगळी असते.

म्हणून मी घोट्याच्या वर येणारा, तेल पाजलेल्या कातड्याचा बूट घेतला. निवडताना बघितलं ते असं. जीभ दोन्ही बाजूंना वरपर्यंत शिवलेली हवी, कारण ती जिथे सुटते तिथून पाणी आत. शिवणी जितक्या कमी तितकं बरं. पँट बुटावरून बाहेर, नाहीतर पाणी पायावरून ओघळत बुटात भरतं. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, प्रवासातलेच मोजे घालून बघायचा. युरोपचं ईएन १३६३४ हे मोटरसायकल बुटांचं मानक घासणं, कापलं जाणं, चिरडणं तपासतं, पण त्यात पाण्याची चाचणी ऐच्छिक असते, तिचा 'डब्ल्यूआर' शिक्का वेगळा बघावा लागतो. भिजला तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवायचा, गरम हवेचा मारा नको. आणि दर थोड्या दिवसांनी तेल.

शिवणींना तेल कसं जिरवायचं हे मला लातूरच्या फुटपाथवर बसणाऱ्या एका कारागिराने दाखवलं. बोटाने, कापडाने नव्हे. त्याचे आजोबा मोटा शिवायचे. तुमच्या गावात मोट शिवणारं घर कोणतं होतं? या सुट्टीत गेलात तर विचारून या. आणि ते काय सांगतात ते लिहून ठेवा.