मोडलेल्या क्रमाची कथा

काळोखी, क्रम मोडून सांगितलेली कथा आली की आपल्यात दोन तट पडतात : समजत नाही म्हणून टाकणारे, आणि समजत नाही म्हणूनच वाखाणणारे. बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ १९४२ साली निघाली. जॉइसच्या ‘युलिसिस’नंतर वीस वर्षांनी. विचार मनात येतात तसेच मांडावयाचे, हा संज्ञाप्रवाहाचा मराठीतला आरंभीचा प्रयोग. आज नागपुरातली आमची मुले २००० सालची ‘बूगीपॉप फँटम’ ही जपानी चित्रमालिका पाहतात. १२ भाग, एकाच शहरावरचे संकट, दर खेपेस निराळ्या माणसाच्या नजरेतून, मागचे पुढे करून.

माझे शिक्षण बेताचे. पण कामगारांच्या तक्रारी मी पुष्कळ लिहून घेतल्या. हात गमावलेला माणूस अपघातापासून आरंभ करीत नाही. आधी बायकोने बांधून दिलेली भाकर, मग दवाखाना, मग एकदम लहानपण. यंत्र अगदी शेवटी. अर्जासाठी ते तारीखवार लावताना त्याचे दुःख माझ्याच हातून गळून जाई. म्हणून मी एवढेच पाहतो : क्रम दुखण्याने मोडला, की लेखकाच्या हौसेने? त्या मालिकेतील भेदरलेली मुले मला खरी वाटली. मर्ढेकरांची काही पाने मात्र हौसेची वाटतात. तीच मी पुनः पुनः उघडतो.