सेंट पॉलच्या शिखरावरचे मचाण

१८४८ च्या उन्हाळ्यात लंडनकरांना सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटावर एक विलक्षण दृश्य दिसले. शिखरावरील क्रूसाभोवती लाकडी मचाण बांधले होते, आणि रस्त्यापासून साडेतीनशे फुटांहून अधिक उंचीवर लष्कराचे सॅपर्स थिओडोलाइट लावून बसले होते. युद्ध कोठेच नव्हते. त्यांना शहराचे मोजमाप हवे होते, आणि तेही गटारांसाठी! शेजारशेजारच्या स्थानिक संस्थांनी एकच नकाशा वापरल्याने नेमके काय साधते, हे समजून घेण्यासाठी या धाग्यात त्या मचाणाची गोष्ट पाहू.

त्या वेळी लंडनची वस्ती वीस लाखांच्या पुढे गेली होती, परंतु ‘लंडन’ नावाचे एकसंध प्रशासन अस्तित्वात नव्हते. निरनिराळ्या कामांसाठी सुमारे ३०० मंडळे होती आणि त्यांचे अधिकार सुमारे २५० स्थानिक कायद्यांत विखुरलेले होते. भुयारी गटारांचा कारभार एकट्या आठ मंडळांकडे होता. प्रत्येकाचे सर्वेक्षक वेगळे, नकाशे वेगळे. एका हद्दीतील गटाराचा तळ शेजारच्या हद्दीतील तळापेक्षा किती उंच वा खोल आहे, हे सांगणारा सामाईक आधारच नव्हता.

परिणाम हास्यास्पद वाटावेत असे होते. पुढे मुख्य अभियंता झालेल्या जोसेफ बॅझलजेटने ते नोंदवून ठेवले आहेत. मोठी गटारे लहान गटारांत रिकामी होत. अंडाकृती गटाराचे निमुळते टोक एका हद्दीत वर, तर पुढच्या हद्दीत खाली. प्रत्येक मंडळाने आपल्यापुरते काम चोख केले असेलही; घाण तुंबत होती ती हद्दीच्या रेषेवर, जिथे कोणाचाच नकाशा पोहोचत नव्हता.

१८४८ मध्ये आठांपैकी सात मंडळे एकत्र करून महानगर गटार आयोग स्थापन झाला. ‘सिटी’ने आपला सवतासुभा कायम राखला. एडविन चॅडविक या हट्टी सुधारकाच्या पुढाकाराने आयोगाने ऑर्डनन्स सर्व्हेकडून संपूर्ण शहराचे सर्वेक्षण करवून घेतले. मुलकी सर्वेक्षकांनी विरोध केला. आपली रोजी लष्कर हिरावून घेत आहे, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. नकाशाचे प्रमाण एका मैलाला पाच फूट, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर ८८ फूट. घरांचा तपशील गाळून केवळ रस्त्यांची चौकट आणि उंचीचे आकडे त्यावर होते. आकडेच महत्त्वाचे होते, कारण ते सर्व एकाच आधारपातळीशी बांधलेले होते. (मुंबईकरांना हे ओळखीचे वाटेल. तिथल्या नाल्यांच्या पातळ्या आजही ‘टाऊन हॉल डेटम’वरून मोजल्या जातात.)

मग लाभ झाला का? लगेच नाही, आणि इथेच नकाशाचे भाबडे गुणगान करणाऱ्यांनी थोडे थांबावे. नऊ वर्षांत सहा आयोग बदलले. सहा वर्षांत सुमारे ३०,००० मलकुंडे बंद करून त्यांतील मैला गटारांमार्गे टेम्समध्ये सोडला गेला, आणि त्याच नदीतून अनेकांच्या घरी पिण्याचे पाणी येत होते. हाती नकाशा होता. मोठे बांधकाम करण्याचे अधिकार आणि पैसा नव्हता. ते १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी संसदभवनात शिरल्यावर महानगर कार्यमंडळाला मिळाले.

त्यानंतर मात्र सामाईक पातळीचे मोल दिसले. बॅझलजेटच्या मुख्य गटारांची लांबी ८२ मैल होती, आणि काही ठिकाणी त्यांचा उतार मैलाला जेमतेम दोन फूट होता. एवढ्या सौम्य उतारावर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी वाहते ठेवायचे, तर वाटेतील प्रत्येक पॅरिशचे आकडे एकाच मापाने घेतलेले हवेत. काही इंचांची तफावतही तिथे जड गेली असती. बॅझलजेटचा अर्धपुतळा आज टेम्सकाठी आहे. मचाणावरच्या सॅपर्सची नावे कोणी विचारत नाही.

१८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला. त्याचा मुख्य घाला पडला तो पूर्व लंडनवर, जिथे गटारांचे जाळे अद्याप पूर्ण व्हायचे होते. विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाने मृत्यूंची आकडेवारी पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रांनुसार मांडली, तेव्हा बोट एकाच खासगी जलकंपनीकडे वळले. आम्ही न गाळलेले पाणी थेंबभरही पुरवलेले नाही, असे कंपनीच्या अभियंत्याने वृत्तपत्रातून ठणकावून सांगितले. पुढे चौकशीत उघड्या जलाशयातील पाणी सोडल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. गटारांचा नकाशा तोवर सर्वांचा झाला होता. पाण्याची वही मात्र अजून कंपनीच्या कपाटात होती.