बुरशीला जिवाणूंचा शह

हरभऱ्याचे हिरवेगार पीक काही दिवसांत पिवळे पडते, माना टाकते आणि जागच्या जागी वाळून जाते. शेतकरी या रोगाला 'मर' म्हणतात. फ्युजेरियम ही बुरशी मुळांवाटे शिरून झाडातील पाणी वाहून नेणाऱ्या नलिका निकामी करते. हरभरा न पेरताही ती जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरू शकते. त्यामुळे पानांवर औषध फवारून तिला गाठता येत नाही. मुळांभोवतीच राहणारा आणि बुरशीच्या आधी तेथे पोहोचलेला पहारेकरी हवा. उपयुक्त जिवाणूंच्या वापरामागील मूळ विचार हाच आहे.

हा विचार प्रयोगशाळेत नव्हे, शेतात सुचला. गव्हावर 'टेक-ऑल' नावाचा बुरशीजन्य रोग पडतो. त्यात मुळे काळी पडतात आणि ओंब्या पांढऱ्याफटक व पोकळ राहतात. एकाच शेतात लागोपाठ गहू घेतला की पहिली काही वर्षे हा रोग वाढत जातो. पण त्यानंतर तो आपोआप ओसरू लागतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात आर. जेम्स कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. अशा शेतातील माती ६० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवली की तिचा गुण नाहीसा होई. उलट तीच माती थोडीशी दुसऱ्या मातीत मिसळली, की विरजण लागावे तसा तो गुण तिथेही उतरे. म्हणजे काम करणारे कोणीतरी सजीव होते. ते होते स्यूडोमोनास गटातील जिवाणू. लिंडा थोमाशो आणि डेव्हिड वेलर यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, की यातील एका वाणाची फेनॅझिन हे प्रतिजैविक बनविण्याची क्षमता काढून घेतली, तर गव्हाचे रक्षण करण्याची त्याची ताकदही बरीच घटते. पुढे त्या शेतांतील रोग ओसरण्याचे मुख्य श्रेय डीएपीजी या दुसऱ्याच प्रतिजैविकाला द्यावे लागले.

मात्र प्रतिजैविक हे एकच हत्यार नव्हे. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जिवाणू अतिनील प्रकाशात हिरवट-पिवळा चमकतो. ही चमक ज्या रंगद्रव्याची, तेच मातीतील लोह पकडून आणते. लोह बुरशीलाही लागतेच. जिवाणूने ते आधी उचलले की तिची उपासमार होते. सिडरोफोर नावाने ओळखल्या जाणाऱ्या या द्रव्यांचे महत्त्व १९८० मध्ये क्लोपर, श्रोथ आणि सहकाऱ्यांनी मांडले. त्याहून विस्मयकारक निष्कर्ष १९९१ मध्ये नेदरलँड्समधील कार्नेशनच्या रोपांवरील प्रयोगांतून निघाला. मुळांशी असलेल्या जिवाणूंमुळे त्यांचा स्पर्शही न झालेल्या खोडाची प्रतिकारशक्ती जागी झाली होती.

दुसरा महत्त्वाचा जिवाणू म्हणजे बॅसिलस सबटिलिस. तो वाळल्या गवतात सहज सापडतो आणि जपानी लोक त्याच्याच भाऊबंदाच्या साह्याने सोयाबीन आंबवून 'नात्तो' बनवून खातात. इट्युरिन व फेन्जायसिन ही त्याची द्रव्ये बुरशीच्या पेशींचे आवरण फोडतात. शिवाय तो उष्णतेला न जुमानणारे बीजाणू तयार करतो, हे फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्येच दाखविले होते. म्हणूनच त्याची भुकटी दीर्घकाळ टिकते. स्यूडोमोनासला मात्र ही सोय नाही, आणि त्याच्या व्यापारी उत्पादनातील खरी अडचण तीच आहे. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठातील संशोधकांनी तो शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून हरभऱ्याच्या मर रोगावर वापरला. ते काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण शिफारस किलोभर बियाण्यास १० ग्रॅम भुकटी चोळण्याची असते. खर्च किरकोळ, आणि बियाण्यासोबतच पहारेकरी जमिनीत जातो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बाजारात याच फळीवर दिसणारा ट्रायकोडर्मा हा जिवाणू नाही. ती बुरशीवर जगणारी बुरशीच आहे.

ही औषधे रासायनिक बुरशीनाशकांसारखी वापरली, की हमखास निराशा होते. रोगाने पीक वेढल्यावर जिवाणू फारसे काही करू शकत नाहीत. त्यांना आधी मुळांवर वस्ती करायला वेळ आणि ओलावा लागतो. मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारखे प्रतिजैविक त्यांच्याबरोबर फवारणे म्हणजे पहारेकऱ्यालाच मारणे होय. एका शेतात उत्तम ठरलेला वाण शेजारच्या शेतात निष्प्रभ ठरतो, कारण माती, तापमान आणि तेथील मूळचे सूक्ष्मजीव वेगळे असतात. रसायनांची गरज यामुळे कमी होते, ती पूर्णपणे संपते असे नाही.

सर्वांत दुबळा दुवा दुकानाचा आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार अशा उत्पादनांची नोंदणी बंधनकारक असून स्यूडोमोनासच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. परंतु एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली पडून राहिलेल्या पाकिटात त्यातील किती जिवंत उरतात, हे वेष्टनावरून कळत नाही. तेव्हा खरेदी करताना किमतीआधी उत्पादनाची तारीख, मुदत आणि नोंदणी क्रमांक पाहावा, आणि पाकीट सावलीत, थंड जागी ठेवावे.