पाणबुड्यांचीं कोष्टकें

साधन सुधारलें म्हणजे त्यापूर्वींची विद्या शिकवावी कीं सोडून द्यावी, हा वाद प्रत्येक पिढींत नव्या वेषानें उभा राहतो. गणकयंत्र घरोघर आल्यावर पावकी-निमकीच्या पाठांतराविषयीं तो झाला. सध्यां तो पाणबुड्यांच्या विद्येंत चालू आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरण्याची स्कूबा नांवाची जी विद्या आहे, ती शिकणाऱ्या प्रत्येकास पूर्वीं खोली व वेळ यांचें कोष्टक वाचावयास शिकावें लागे. आतां मनगटावर बांधावयाचा लहानसा संगणक तें काम करतो, आणि अनेक शिक्षणसंस्थांनीं कोष्टकाची सक्ति काढून टाकली आहे. मग नवशिक्यानें तें शिकावें काय? आम्ही ज्या सेलू गांवीं बसून हें लिहीत आहों तेथून समुद्र दोनशें मैलांहून दूर आहे. तथापि तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें या विद्येची संस्था काढल्यापासून हा प्रश्न महाराष्ट्राला परका राहिलेला नाहीं. शिवाय त्याच्या उत्तराची एक दिशा, आमच्या मतें, गोदावरीच्या कांठच्या एका घराण्यानें चारशें वर्षांपूर्वींच दाखवून ठेविली आहे.

हीं कोष्टकें कशीं जन्मास आलीं हें प्रथम पाहूं. एकोणिसाव्या शतकांत मोठ्या नद्यांवर पूल बांधतांना पाया खणण्यासाठीं नदीच्या तळाशीं प्रचंड पेट्या बसवीत, त्यांत दाबलेली हवा भरीत आणि आंत मजूर उतरवीत. वर आल्यावर कांहींच्या सांध्यांत असह्य वेदना उठत, कांहींचे पाय लुळे पडत, कांहीं दगावत. अमेरिकेंत सेंट लुई येथील पुलाच्या कामावर १८७० सालीं असे मृत्यु झाले. ब्रुकलिनच्या पुलाचा मुख्य स्थापत्यज्ञ वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ सालीं याच विकारानें पंगु झाला. त्याचें कारण पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालीं उलगडून दाखविलें. दाबाखालीं श्वासावाटे घेतलेला नत्रवायु रक्तांत व मांसांत विरघळतो. दाब एकाएकीं उतरला म्हणजे सोड्याची बाटली फोडल्यावर व्हावें त्याप्रमाणें त्याचे बुडबुडे होतात, आणि तेच सारा अनर्थ करतात.

रोगाचें मूळ कळलें, पण किती खोलीवर किती वेळ राहावें व कोणत्या रीतीनें वर यावें हें आंकड्यांत सांगणें बाकी होतें. ब्रिटिश नौदलासाठीं तें काम जे. एस. हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञानें केलें. शेळ्याबकऱ्यांना दाबाच्या कोठडींत ठेवून त्यानें प्रयोग केले व असें ठरविलें कीं, दाब एकदम निम्म्यावर आणला तरी सहसा अपाय होत नाहीं. शरीराचे सर्व भाग सारख्या वेगानें वायु शोषीत नाहींत, म्हणून त्यानें त्यांचे पांच वर्ग कल्पिले. पहिला ५ मिनिटांत निम्मा भरतो, पुढचे अनुक्रमें १०, २०, ४० व ७५ मिनिटांत. १९०६ सालीं स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ डेमंट व कॅटो हे दोघे या पद्धतीनें २१० फूट उतरून सुखरूप वर आले, आणि १९०८ सालीं बॉयकॉट व डेमंट यांच्यासह हॉल्डेननें आपला निबंध कोष्टकांसह प्रसिद्ध केला. पुढील बहुतेक कोष्टकें याच मुळापासून फुटलेलीं आहेत.

परंतु कोष्टक म्हणजे वेदवाक्य नव्हे. अमेरिकन नौदलाच्या १९५७ सालच्या कोष्टकाप्रमाणें १०० फुटांवर २५ मिनिटें राहून वाटेंत न थांबतां वर येतां येई. हौशी पाणबुड्यांसाठीं १९८८ सालीं निघालेल्या पाडी संस्थेच्या कोष्टकांत, जवळजवळ तितक्याच म्हणजे ३० मीटर खोलीवर, ही मर्यादा २० मिनिटांचीच आहे. समुद्र तोच, नत्रवायूहि तोच. पण एक कोष्टक निवडक नौसैनिकांसाठीं रचलेलें, दुसरें सर्व वयांच्या हौशी स्त्रीपुरुषांसाठीं. म्हणजे या आंकड्यांत निसर्गनियमाबरोबर मनुष्याचा निर्णयहि मिसळलेला असतो: कोणी, किती धोका पत्करावा, याचा.

संगणकाच्या बाजूनें जें बोललें जातें तें बहुतांशीं खरें आहे. पाणबुड्या सर्व वेळ सर्वांत खोल जागींच होता असें कोष्टक धरून चालतें. संगणक क्षणाक्षणाची खोली मोजतो. कोष्टकाची ओळ चुकून वाचली जाते. संगणक ओळ चुकत नाहीं. तो बंद पडला तर कोष्टक उपयोगी पडेल, हा जुन्या पक्षाचा युक्तिवादहि दुबळाच आहे. खोली व वेळ यांची नोंद जवळ नसेल तर कोष्टक मुकें होतें. अशा वेळीं सावकाश वर येऊन त्या दिवसापुरतें पाणी सोडणें हाच शहाणपणा. कोष्टकाची बाजू खरी कोठें आहे, हें समजण्यासाठीं आपण आपल्या ज्योतिषाकडे वळूं.

कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें १५२० सालीं ग्रहलाघव हा करणग्रंथ रचला. ज्याचापांचें किचकट गणित टाळून ग्रह काढण्याची सोपी रीति त्यानें दिली, आणि पंचांगकर्त्यांनीं ती शतकानुशतकें वापरली. गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्रामचा दिवाकर हा त्याचा शिष्य. त्याच्या दोन मुलांनीं ग्रहलाघवावर टीका लिहिल्या. विश्वनाथानें उदाहरणें सोडवून दाखविलीं. मल्लारीनें रीतींची उपपत्ति, म्हणजे ती रीति तशीच कां, हें सांगितलें. एकाच घरांत दोन्ही गरजा ओळखल्या गेल्या. पुढें दीर्घ काळांत ग्रहलाघवाचें गणित व प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडूं लागलें. निव्वळ उदाहरणावर पोसलेल्या जोशाला पंचांग करतां येई, पण ग्रहणाची वेळ कां चुकली हें सांगतां येत नसे. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं ग्रहसाधनाचीं कोष्टकें मराठींत आणलीं, तीं मुळांत शिरण्याची शक्ति असल्यामुळें.

यावरून दिसेल कीं कोष्टक हीसुद्धां बंद पेटीच आहे. हॉल्डेनच्या विचाराशीं कोष्टकाचें जें नातें, तेंच कोष्टकाशीं संगणकाचें. ओळी घोकून पाठ करणारा पाणबुड्या संगणकाकडे पाहणाऱ्यापेक्षां शहाणा ठरत नाहीं. पण कोष्टक ही अशी पेटी आहे कीं तिचें झांकण उघडतें. एकदां बुडी मारून वर येऊन तासभर थांबलेल्या मनुष्याच्या अंगांत किती नत्रवायु उरला, आणि दुसऱ्या बुडीची वेळ त्यामुळें किती घटली, हें तींत बोटानें दाखवितां येतें. संगणक तोच हिशेब करतो, पण मनांतल्या मनांत. आपला धनी थकलेला आहे, गारठलेला आहे, कीं त्याच्या अंगांतलें पाणी कमी झालें आहे, हेंहि बहुधा त्याला ठाऊक नसतें. पांच मिनिटें शिल्लक असा आंकडा दिसला कीं अज्ञ मनुष्य तीं पांचहि मिनिटें आपल्या हक्काचीं समजतो. तो आंकडा एका सर्वसाधारण कल्पित देहाचा आहे, हें जाणणारा तीन मिनिटें आधींच वर निघतो. प्राण वांचतात ते या फरकानें.

वाटाड्याचा हात धरून उथळ पाण्यांत घटकाभर मासे पाहणाऱ्या प्रवाशावर ही विद्या लादण्याचें कारण नाहीं. परंतु जो ही विद्या रीतसर शिकून स्वतःच्या जबाबदारीवर उतरणार आहे, त्याला संगणक द्यावा, आणि त्याआधीं एक दिवस कोष्टकास द्यावा. तें पाठ करून घेऊं नये, तें उकलून दाखवावें: दोन-तीन बुड्यांचा हिशेब त्याच्याच हातून करवून घ्यावा, आणि हे आंकडे कोणाच्या वेदनांतून व कोणत्या प्रयोगांतून आले तें सांगावें. पुढें कोष्टक त्याच्या खिशांत राहिलें नाहीं तरी चालेल. मनगटावरील आंकड्याला प्रश्न विचारण्याची संवय मात्र त्याच्याजवळ राहील.